मास्तरांची शनिवारची फवारणी

उएलेसे मास्तरांनी गावच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांना लिहायला-वाचायला शिकवलं, पण मागायला आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला त्यांना स्वतःला कधी जमलं नाही. तसं ते गावात कुणालाच जमत नव्हतं. सामोआतल्या त्या गावात मागितलेली वस्तू द्यायची असते, एवढा साधा नियम होता. मागणाराही परका नसे. आत्तेकडून नाहीतर सासऱ्याकडून नातं निघायचंच. मास्तरांची छत्री पावसाळ्यात चार घरं राहून उन्हाळ्यात परत येई. त्यांचा नवा सदरा पहिल्या रविवारी त्यांच्या अंगावर दिसे आणि दुसऱ्या रविवारी चुलतभावाच्या.

"घरात आपलं म्हणून फक्त तुमचा खोकला उरलाय," त्यांची बायको मातालेना म्हणायची. "तोही कुणी मागितला तर बांधून द्याल."

त्र्याण्णव साली अळूवर करपा आला. पानावर आधी पाणी सांडल्यासारखा डाग पडायचा, मग त्याचं तपकिरी वर्तुळ व्हायचं आणि आठवड्याभरात पानाची चाळण. दोन-तीन महिन्यांत डोंगरउतारावरचं सगळं अळू गेलं. अळूचा कंद म्हणजे त्या बेटावरचं जेवण. बाकी सगळं तोंडी लावणं. त्यानंतर वर्षभर लोक निरफणस खात होते, हिरवी केळी उकडून खात होते, दुकानातला तांदूळ खात होते, आणि भरल्या पोटानं एकमेकांना सांगत होते की आज जेवण काही झालं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये शहरातून एक कृषी अधिकारी बाई आली. तिला एका औषधाची चाचणी घ्यायची होती आणि त्यासाठी डब्यावरचा कागद शेवटपर्यंत वाचणारा माणूस हवा होता. सगळ्या गावानं मास्तरांकडे बोट दाखवलं. तिनं लागवडीला तीनशे रोपं दिली, पाठीवरचा पंप दिला, औषधाचा डबा दिला, आणि मास्तरांनी समोर बसून, वही उघडून, विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारले.

"बाकीची औषधं पानावर नुसती बसून राहतात," बाई म्हणाली. "सर आली की धुऊन जातात. हे बुरशीनाशक आंतरप्रवाही आहे. पान ते पिऊन घेतं. मग रसाबरोबर ते देठात उतरतं, कंदात जातं, मुळापर्यंत फिरतं. बुरशी कुठूनही शिरू दे, आत पहारेकरी बसलेलाच असतो."

"आणि तो कंद आपण खाल्ला, तर पहारेकरी आपल्या पोटात?"

"म्हणून तर सांगते, फवारल्यापासून एकवीस दिवस कंद काढायचा नाही, पानही खुडायचं नाही. तेवढ्यात त्याचं काम संपतं. आणि पूर्ण हंगामात चारच फवारण्या. पाचवी नाही."

मास्तरांनी 'चारच' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. मग एका फळीवर पांढऱ्या रंगानं, शाळेत फळ्यावर काढायचे तसल्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 'फवारले आहे. एकवीस दिवस खाऊ नये.' खाली तारखेसाठी जागा ठेवली आणि ती फळी रानाच्या तोंडाशी रोवली.

अळू आलं. असं आलं की खालच्या रस्त्यानं जाणारे लोक उगाच थांबून वर बघत.

जुलैत मास्तरांच्या काकांना जाऊन वर्ष झालं आणि घराण्याची बैठक बसली. काका मताई होते, म्हणजे घराण्याचे प्रमुख, ग्रामसभेत बसणारे. त्यांची पदवी आता कुणाला द्यायची, यावर दोन दिवस खल चालला. शेवटी मास्तरांच्या थोरल्या बहिणीनं, सुलामीनं, तोंड उघडलं. तिकडे भाऊ एक वेळ पाद्रीसाहेबांचा शब्द मोडेल, बहिणीचा मोडणार नाही. त्यामुळे ती बोलली की बैठक संपते.

"उएलेसेला द्या," ती म्हणाली. "निदान चष्मा आहे त्याला."

पदवी देण्यासाठी नोव्हेंबरातला तिसरा मंगळवार ठरला. गावातले सर्वांत वडील मताई उलुगिआ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, मेजवानीला अळू असणार ना? मरण्याआधी एकदा जेवून घ्यावं म्हणतो."

दोनशे पाहुणे येणार आणि रानात तीनशे कंद. मास्तरांनी मान डोलावली खरी, पण घरी जाताना ते कंदांचाच हिशोब करत होते. मेजवानी द्यायला जमलं नाही तो कसला मताई? आणि ज्या गावात छत्री टिकत नाही, तिथं तीनशे कंद नोव्हेंबरापर्यंत टिकायचे कसे?

सप्टेंबर लागला. कंद मातीतून खांदे वर काढायला लागले. चौथी आणि शेवटची फवारणी उरकून मास्तर दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसले होते, तेवढ्यात पाद्रीबाई आल्या. हातात रिकामी टोपली.

"मास्तर, रविवारी बाहेरगावचे पाद्री जेवायला येतायत," बाई म्हणाल्या. "म्हटलं सहाच कंद मिळाले तर. मोठे नकोत. मध्यमच द्या."

मास्तरांच्या तोंडात 'घ्या ना' हे शब्द तयार होते. ओठही हलले. पण बाहेर आलं ते भलतंच.

"कालच फवारलंय, बाई. एकवीस दिवस खायचं नाही."

बाईंनी टोपली छातीशी धरली. "अगं बाई, बरं झालं सांगितलंत. पाहुण्यांना काही झालं असतं म्हणजे?" आणि त्या चक्क आभार मानून निघून गेल्या.

मास्तर बराच वेळ त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा मागायला आलेलं माणूस रिकाम्या हातानं आणि हसऱ्या तोंडानं परत गेलं होतं. नाही म्हणायचं, पण ते आपण म्हणायचं नाही, फळीनं म्हणायचं. मास्तर उठले आणि फळीवर जमलेली धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसून आले.

त्या एकवीस दिवसांत अकरा जण येऊन गेले. सगळे फळी वाचून, नाहीतर दुसऱ्याकडून वाचून घेऊन, समजूतदारपणे परत फिरले. पण लोक दिवस मोजत होते. मास्तरांनीच शिकवलेलं गणित ते. बाविसाव्या दिवशी रानात गर्दी होणार, हे स्पष्ट होतं. आणि पाचवी फवारणी करायची नाही, हेही वहीत दोन रेघांसकट लिहिलेलं.

विसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मास्तरांनी पंप विहिरीच्या पाण्यानं भरला. नुसत्या पाण्यानं. तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे चढवले, डोळ्यांवर मुलाचा पोहण्याचा चष्मा लावला आणि रस्त्यावरून नीट दिसेल अशा बेतानं ते तीनशे रोपांवरून दोनदा फिरले. मग फळीवरची जुनी तारीख पुसून नवी लिहिली.

शनिवार त्यांनी विचार करून निवडला होता. रविवारी तापल्या दगडांच्या भट्टीत काय भाजायचं याची शोधाशोध गावात शनिवारीच सुरू होते. धोका असतो तो तेव्हाच. पुढच्या शनिवारीही ते पाणी फवारून आले, त्याच्या पुढच्याही. दिसत राहिलं की लोकांच्या लक्षात राहतं, हा शाळेतला अनुभव.

"घातलीत आंघोळ?" मातालेना विचारायची. तिच्यापासून काय लपणार? पंप तीच धुवायची. "आता टॉवेलनं पुसूनही या एकेकाला."

"मेजवानीपर्यंतच गं."

"मास्तर, वर्गात मुलं खोटं बोलली की तुम्ही त्यांना कोपऱ्यात उभं करत होतात."

"मी कुठं खोटं बोललो? फळीवर 'फवारले आहे' एवढंच लिहिलंय. काय फवारलं ते कुठं लिहिलंय?"

मातालेनानं कोपऱ्याकडे एकदा बघितलं फक्त.

मास्तर शिक्षक खरे, पण एक गोष्ट ते विसरले. गाव बघून शिकतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुताराच्या शिडीवर एक पाटी लागली: 'फवारले आहे. एकवीस दिवस.' मग तशीच एक होडीवर लागली. एका बाईनं कोंबड्यांच्या खुराड्यावर खडूनं लिहून ठेवलं. एकानं रेडिओवर चिठ्ठी चिकटवली. लोकांना इतक्या पिढ्यांत जे जमलं नव्हतं ते आता एका पाटीत जमत होतं, आणि कुणाला राग म्हणून येत नव्हता. राग तरी कुणाचा धरणार? औषधाचा?

मास्तरांना याचा पत्ता लागला तो सेमिसीच्या दारात. मेजवानीच्या भट्टीसाठी ओढ्यातले दगड आणायचे होते आणि गावात घोडा एकट्या सेमिसीकडे होता.

"सेमिसी, दोन दिवस घोडा लागेल रे."

सेमिसी मान खाली घालून नारळ सोलत राहिला. "घोड्यावर फवारलंय, मास्तर."

"घोड्यावर?"

"हो."

"काय फवारलंस?"

"ते मला कुठं वाचता येतंय? पण एकवीस दिवस."

घोडा शेजारीच उभा होता. शेपटीनं माश्या उडवत होता. त्याच्या गळ्यात दोरीनं पुठ्ठा बांधलेला, आणि पुठ्ठ्यावरची अक्षरं टपोरी, वळणदार, मास्तरांनी गिरवून घेतलेली. सेमिसीला वाचता येत नव्हतं हे सरळसरळ खोटं होतं. तो चौथीत पहिला आला होता.

"घोडा काही कुणी खात नाही रे," मास्तर म्हणाले.

"औषध आत जातं ना, मास्तर. अंगभर फिरतं. तुम्हीच सांगितलंत. पाठीवर बसलेल्या माणसाला बाधलं तर मला पाप लागायचं."

मास्तरांनी अख्खा दिवस घालवून एकेक दगड स्वतः वाहून आणला. वाहता वाहता त्यांना सेमिसीचा राग येईना, हेच फार त्रासाचं होतं.

मेजवानीच्या आधीच्या शुक्रवारी सुलामी आली. चटईवर बसली, वारा घेतला, आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाली, "बायकांनी ठरवलंय, मंगळवारी घरून भात घेऊन यायचा."

"का, ताई? अळू आहे ना."

"तुझ्या अळूला कुणी हात लावणार नाही. सगळ्या गावानं मोजलंय. मेपासून अकरा फवारण्या झाल्या. उद्याची धरली तर बारा. पाद्रीबाई म्हणाल्या, त्या कंदात आता कंद किती आणि औषध किती, देवालाच ठाऊक."

मास्तरांच्या हातातला कप चटईवर टेकला गेला.

"त्या डब्यावरचा कागद मीही वाचलाय," सुलामी म्हणाली. "तू अंघोळीला गेला होतास तेव्हा. त्यावर चारच लिहिलंय. आता तूच सांग. बारा वेळा फवारलं असशील, तर ते अळू डुकरालासुद्धा घालण्याच्या लायकीचं नाही. आणि फवारलं नसशील, तर तू दोन महिने गावाला बनवलंस. यातलं कुठलं?"

"पाणी होतं, ताई. शेवटच्या सगळ्या वेळा नुसतं पाणी."

"ते मला पहिल्याच शनिवारी कळलं. औषध मारून आलेला माणूस ओठ चाटत घरी येत नाही." ती उठली. "उद्या सकाळी ग्रामसभा आहे. कुणी कुणाला काही देईना झालंय, म्हणून उलुगिआंनी बोलावलीय. तिथं सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. गप्प बसलास तर पदवी मिळेल, पाहुणे मात्र तुझ्या अळूसमोर बसून भात खातील. सांगितलंस तर अळू खातील, पण पदवीचं मी काही बोलू शकत नाही. कंजूष मताई या गावानं अजून पाहिलेला नाही."

मास्तर त्या रात्री झोपले का, हे मातालेनाला विचारलं तर ती सांगेल की घोरत होते. माणूस थकला की चिंता असली तरी घोरतो.

सकाळी सभागृहात सगळे मताई आपापल्या खांबाला टेकून बसले होते. मास्तर अजून मताई नव्हते, म्हणून दाराशी. उलुगिआंनी सुरुवात केली.

"माझ्या नातवाच्या लग्नाला चटया मागायला माणूस पाठवला. पाच घरांतून रिकामा आला. पाचही घरांतल्या चटयांवर फवारलेलं. चटईला करपा होतो हे मला या वयात कळलं. ही शिकवण गावाला कुणी दिली?"

सेमिसी आढ्याकडे बघत होता.

मास्तर उभे राहिले, आणि सवयीनं हात मागे बांधले गेले. "मी दिली," ते म्हणाले. "पण अर्धीच दिली. उरलेली आता देतो." आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आंतरप्रवाही औषध म्हणजे काय, ते पानातून कंदात कसं जातं, एकवीस दिवस कशासाठी. चार फवारण्यांच्या खऱ्या तारखा वहीतून वाचून दाखवल्या. शेवटची होऊन दहा आठवडे होत आले होते. "त्यानंतरच्या सात शनिवारी पंपात विहिरीचं पाणी होतं. अळू खायला चांगलं आहे. खराब आहे ती माझी फळी. मला तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून मी तिच्याकडून म्हणवलं."

बाहेर एक कोंबडी माती उकरत होती.

मग सेमिसी पुटपुटला, "माझ्या घोड्यावर तर पाणीसुद्धा नव्हतं."

"माझ्या शिडीवरही नाही," सुतार म्हणाला. दोघा-तिघांनी तोंडावर पंखे धरले. पंख्यांमागून खांदे हलत होते.

उलुगिआ हसले नाहीत. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "मास्तर, मेजवानीसाठी राखलंत हे मला समजतं. पण मेजवानी गावासाठी, आणि गावालाच दोन महिने उपाशी बघायला लावलंत. आज शनिवार आहे. सूर्य बुडायच्या आत तीनशे कंद उपटायचे आणि घराघरात स्वतः नेऊन द्यायचे. एकही ठेवायचा नाही. मंगळवारी निरफणस खाऊ." त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. "आणि पदवीचं म्हणाल, तर पुढच्या महिन्यात वरच्या जंगलातली झाडं मागायला शहरातून माणसं यायचीयत. चांगली गोड बोलणारी आहेत म्हणे. आमच्यातला जो तो 'घ्या' म्हणेल. त्यांच्यापुढे बसवायला आमच्याकडे एकही माणूस नव्हता. आता बहुधा सापडला. पण त्यांना फळी दाखवायची नाही, मास्तर. तोंडानं म्हणायचं. आधी कंद वाटून या, मग बघू."

सेमिसीनं बाहेर येऊन घोड्याच्या गळ्यातला पुठ्ठा काढला आणि लगाम मास्तरांच्या हातात दिला.

चाळीस घरं होती. प्रत्येक घरात सात-सात कंद, मोठ्या वीस घरांत आठ-आठ. पण काही घेऊन आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून परत पाठवायचं, हे त्या गावात मागितलेलं न देण्यापेक्षाही वाईट. पहिल्या घरी कोको झाला. दुसऱ्या घरी नारळाच्या दुधातली केळी. पाचव्या घरी पुन्हा केळी, आठव्या घरी डब्यातली मासळी आणि बिस्किटं. अळू कुणीच शिजवेना. ते रविवारच्या भट्टीसाठी पानांत गुंडाळून, लहान बाळासारखं आत नेऊन ठेवलं जात होतं. पाद्रीबाईंनी सात कंदांचा वास घेतला आणि खिरीची वाटी पुढे केली.

"पोट भरलंय हो, बाई," मास्तर म्हणाले.

"असं कसं? दोन घास." आणि मास्तरांनी दोन घास खाल्ले.

विसाव्या घरानंतर ते चालताना पोटाला हात लावून चालायला लागले. तिसाव्या घरी त्यांना उठवायला दोन माणसं लागली. वाटेत घोडा त्यांच्याकडे वळून बघत होता, ओझं नक्की कुणावर आहे अशा नजरेनं.

सूर्य टेकला तेव्हा ते शेवटच्या घरी, सुलामीकडे पोचले. तिचे सात कंद उतरवले आणि चटईवर आडवेच झाले.

"बोलले का काही?" छताकडे बघत त्यांनी विचारलं. "उलुगिआ?"

"मघाशी येऊन गेले. मंगळवारचं ठरल्याप्रमाणे. तुझ्या नावाचं भाषण त्यांनी आधीच पाठ केलंय, आता बदलायचं जिवावर आलंय म्हणाले."

मास्तरांनी डोळे मिटले. चुलीवर काहीतरी रटरटत होतं. सुलामीनं आलेल्या कंदांतला एक तेव्हाच सोलून टाकला होता. थोड्या वेळानं तिनं ताटली आणून त्यांच्या छातीशी ठेवली. अळूच्या कंदाचे जाड, राखाडी-जांभळे तुकडे, वर मीठ आणि नारळाचं दूध.

"ताई, आता खरंच नको. चाळीस घरं झाली."

"एकोणचाळीस," सुलामी म्हणाली. "एप्रिलपासून राबतोयस. चाखलंयस का एकदा तरी?"

नव्हतं चाखलं. हे मास्तरांच्या आत्ता लक्षात आलं. ते उठून बसले, एक तुकडा तोडून तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. मग दुसरा घेतला.

"कसं आहे?" सुलामीनं विचारलं.

"जेवतोय," मास्तर म्हणाले.